बिनआवाजाचा कॅमेरा

वडील गेल्यावर आई मुकुटबनच्या घरी एकटीच राहायची. मी नोकरीला वणीत, भाऊ पुण्यात. एकदा ती न्हाणीत घसरून पडली, तेव्हा आम्ही ओसरीत कॅमेरा बसवायचं ठरवलं. आवाज ऐकू येणारा कॅमेरा थोडा महाग होता. भाऊ फोनवर म्हणाला, "दिसलं म्हंजे झालं, आवाज कायले पाहिजे?" मीही स्वस्तातलाच घेतला.

त्यानंतर माझं गावी जाणं कमी झालं. फोनही मी दोन मिनिटांत उरकायचो. ऑफिसात बसून मोबाइलवर आई वाती वळताना दिसायची आणि मला तेवढं पुरायचं. ती कॅमेऱ्याकडे पाहून ओठ हलवायची. मला वाटायचं, जप करत असेल.

दिवाळीत गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुले रोज सांगून राह्यली होती, उजव्या डोळ्यानं दिसत नाही, दवाखान्यात ने म्हून. काहून आला नाही रे?"

कॅमेऱ्यातून आवाज येत नाही, हे तिला आम्ही सांगितलंच नव्हतं. ते त्या दिवशी सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, उशीर झाला, हा डोळा गेला. भाऊ आता आवाजाचा कॅमेरा घेऊ म्हणतो.