कावळ्याला कबूल केलेली शर्यत

कावळा शिवत नाही म्हणून तापीच्या काठावरून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या घरात सतरंजीवर बसून भिंतीवरचं नव्या वर्षाचं कॅलेंडर बघत होते. नवऱ्याचा दहावा होता. भाचा म्हणाला, "मामी, तास होऊन गेला. कावळे झाडावर बसलेत, खाली उतरत नाहीत. मामांचं काही राहिलंय का? काही बोलले होते का? आठवा बरं."

पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय असं धरतात. मग जमलेले लोक एकेक करून हात जोडतात आणि कबूल करत जातात. पोरीचं लग्न लावून देऊ, पोराला शिकवू, विहीर पुरी करू. आम्हाला मूल नाही. घर बांधून झालेलं, शेत भावकीत वाटून झालेलं. कबूल करायला कुणाला काही सुचत नव्हतं. मी म्हणाले, "काही राहिलेलं नाही." भाच्याने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला होता. पलीकडे कुणीतरी म्हणालं, सव्वीस वर्षांचा संसार आणि बाईला एक गोष्ट सांगता येईना.

मग नानांचा आवाज आला. "भाऊ, मार्चनी ती बरफवरनी शर्यत शे ना, ती मी दखसू. वहिनीना संगे बसीसन दखसू. आते ये भो."

दोन मिनिटं गेली असतील. भाचा ओरडला, "शिवला! मामी, शिवला!" मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा कॅलेंडर बघत बसले. मला रडू आलं नाही, हायसंही वाटलं नाही. आतेसासूबाई टक लावून माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी डोळ्याला पदर लावला.

नाना म्हणजे ह्यांचे दीपनगरचे सोबती. दोघे पॉवर स्टेशनला ऑपरेटर. हे सकाळच्या पाळीला असले की दुपारी दोनला नाना यायचे. तिथला नियम असा की बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आलेल्याला सगळं सांगायचं, वहीत सही करायची, याला ते चार्ज देणं म्हणत. रोजच्या त्या पंधरा मिनिटांत दोघांची सगळी मैत्री झाली. पाळ्या अशा की एकाला सुट्टी असायची तेव्हा दुसरा कामावर. म्हणून आधी शर्यत एकाने टीव्हीवर बघायची आणि चार्ज देताना दुसऱ्याला सांगायचं असं बरीच वर्षं चाललं.

या शर्यतींचं वेड लागलं एका फेब्रुवारीत. हे बॉयलरच्या बाजूला आठ तास काढून घरी आले, बनियनवर टीव्हीसमोर बसले आणि कुठल्यातरी चॅनेलवर बर्फावरची शर्यत चालू होती. लांबलचक पात्यांचे बूट घातलेली पोरं एका लहानशा गोल मैदानात फिरत होती, वळणावर इतकी कलत होती की डावा हात बर्फाला टेकत होता. एक घसरला तो दोघांना घेऊन भिंतीच्या गादीवर आपटला आणि चौथ्या नंबरावरचा पोरगा आरामात पहिला आला. हे उठून उभे राहिले. मला वाटलं, काही चावलं. "अगं बघ, बघ!" एवढंच म्हणत होते. आम्ही दोघांनी तोवर बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्या दिवसापासून आमच्या घरात हे शॉर्ट ट्रॅक स्केटिंग आलं ते आलंच.

मी भूगोल शिकवते. हॉलंड कुठे, कोरिया कुठे, तिथे किती थंडी, हे सांगण्यापुरती मी त्यात होते. बाकी माझं बसणं अर्धवट. एक डोळा टीव्हीवर, एक पेपरांच्या गठ्ठ्यावर. ह्यांना सर्वांत आवडायची ती रिले. त्यात हातात काही द्यायचं-घ्यायचं नसतं. थकलेला मागून येतो आणि पुढच्याच्या पाठीला दोन्ही हात लावून त्याला जोरात ढकलून देतो. हे म्हणायचे, "हा बघ चार्ज दिला." शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र चार्ज देता येत नाही, ज्याच्याकडे आहे त्यानेच त्या पुऱ्या करायच्या, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा हो म्हटलं असेल.

दोघे रिटायर झाले, नाना पारोळ्याला घर करून राहिले. मग मोठी स्पर्धा असली की नाना एसटीने जळगावला यायचे, तीन दिवस मुक्काम. दोघे म्हातारे सोफ्यावर वळणासरशी डावीकडे कलायचे. मी स्वयंपाकघरातून बघून हसायचे.

आणि गेल्या डिसेंबरात हे गेले.

नणंद, आमच्या अक्का, धरणगावहून आल्या त्या राहिल्याच. त्यांनी पहिल्याच दिवशी टीव्हीवर चादर टाकली होती. "आखाजी व्हवा बिगर टीव्ही लावानी नही," हे त्यांचं फर्मान. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्याच्या नावाची घागर भरली की मग घरात टीव्ही, गोडधोड, नवं कापड. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. चादर होती ती बरी होती. पण नानांनी कबूल करून ठेवलं मार्चचं आणि आखाजी येते त्याच्यानंतर. आता आली का पंचाईत. दुखवटा मोडला तर लोक बोलणार, आणि कावळ्याला दिलेला शब्द मोडला तर अक्कांना झोप लागणार नाही. अक्का दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी निकाल दिला. शर्यत तेवढी बघायची, मालिका नाही, बातम्या नाहीत. आणि आवाज बंद ठेवायचा, शेजारी काय म्हणतील.

पुढे जे झालं ते फक्त आमच्याच लोकांत होऊ शकतं. दारावर बसायला येणाऱ्यांत ही गोष्ट पसरली. एरवी माणसं येतात, दहा मिनिटं गप्प बसतात, कसं झालं विचारतात, पाणी पितात, जातात. आता कसं झालं विचारून झालं की हळूच विचारायची, "मंग, ती शर्यत कधी शे?" अक्का तारीख सांगायच्या. कोण जिंकेल असं एका चुलतसासऱ्यांनी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "कोरियावाला पोऱ्या चांगला शे म्हनतस, पन त्याना गुडघा दुखस." ही माहिती नानांकडची. ते रोज संध्याकाळी फोन करायचे. कोण पडलं, कोणाला दुखापत, कुठल्या देशाने रिलेला कुणाला घेतलं. मी फोन अक्कांकडे द्यायचे. पंच्याहत्तरीच्या अक्का, ज्यांनी धरणगावच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नाही, त्या फेब्रुवारीच्या अखेरीस मला सांगत होत्या की बाहेरून ओव्हरटेक करायला दम लागतो.

सगळ्या नात्यागोत्यात मार्चची वाट बघणं चाललं होतं आणि माझ्यात काही म्हणजे काही हलत नव्हतं. शाळेत जात होते, मोसमी वारे शिकवत होते, वह्यांवर सह्या करत होते. एकदा तव्याचा चटका बसला तो फोड आल्यावर कळला. दोन कप चहा टाकत होते आणि दुसरा ओतून देत होते, तेही न चुकता. स्टाफरूममध्ये बायका म्हणायच्या, मॅडम फार धीराच्या. मला धीर नव्हता. मी बधिर झाले होते, दात काढल्यावर गाल होतो तशी. आणि एका गोष्टीचा राग तेवढा जागा होता. नानांचा. माझ्या नवऱ्याचा जीव कशात होता हे मला न विचारता सगळ्या घाटावर सांगणारे ते कोण?

स्पर्धेचा पहिला दिवस शुक्रवार. युरोपात सकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुपार, म्हणून मी अर्धी रजा टाकली. घरी आले तर नाना येऊन बसलेले. हातात पिशवी, पिशवीत पारोळ्याची शेव. अक्कांनी टीव्हीवरची चादर काढून घडी घालून ठेवली होती आणि आत जरा आडव्या झाल्या होत्या. नानांनी मोबाइल टीव्हीला जोडला. पडद्यावर रिकामं बर्फाचं मैदान आलं, आवाज नाही. एक माणूस बादलीने वळणावर पाणी टाकत होता. अजून पंधरा मिनिटं होती.

मी शेव ताटलीत काढली. नाना ताटलीकडे बघत राहिले, उचलेनात.

"वहिनी, एक सांगानं व्हतं," ते म्हणाले. "तो कावया शेवसाठे उना व्हता."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मी पिंडवर शेव टाकी दिन्ही व्हती. कोनी दखं नही." त्यांनी चष्मा काढला. "तासभर बठ्ठा लोक उभा. तुम्हले फोनवर काय काय बोली राह्यनात. माले ते दखायनं नही. आनि भाऊनी मार्चनं माले काहीच सांगेल नव्हतं. ते मन्हंच व्हतं. एकला बसीसन माले ही शर्यत दखावनारच नही, वहिनी."

तीन महिने मी या माणसावर जळफळत होते, आणि हा माणूस माझी लाज राखण्यासाठी पिंडावर शेव टाकून आला होता. वर स्वतःला एकटं बसवणार नाही म्हणून कावळ्यादेखत खोटंही बोलला होता. मला हसू यायला हवं होतं. आलंही थोडं, पण नीट बाहेर पडलं नाही. मग मी ते सांगितलं, जे अक्कांना, भाच्याला, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाना, ते खोटं नव्हतं. मार्चचं मीच कबूल केलं होतं."

कबूल केलं त्या दिवशी रविवार होता. एका लहानशा स्पर्धेच्या फेऱ्या चालू होत्या आणि हे सोफ्यावर होते. मी जेवणाच्या टेबलावर चाचणीचे पेपर घेऊन बसले होते. हे म्हणाले, "ये ना गं, रिले लागतेय. आज बस दहा मिनिटं." मी मान वर न करता म्हणाले, "अहो, किती पेपर पडलेत. मार्चला बसेन. मोठ्या स्पर्धेला पहिल्या शर्यतीपासून बसेन, शब्द देते. आता तेवढा आवाज कमी करा." त्यांनी आवाज कमी केला. मग आणखी कमी केला, पार बंद. मला त्रास नको म्हणून. मी चौतीस पेपर तपासले. चारला चहा विचारायला मान वर केली तेव्हा टीव्हीवर मुकी शर्यत चालू होती आणि हे सोफ्यावर डावीकडे कललेले होते. मला वाटलं, वळण आलं असेल.

डॉक्टर म्हणाले, अर्धा-पाऊण तास आधीच गेले असतील. आवाज चालू असता तर हे एरवीसारखे ओरडत राहिले असते, आणि ओरडणं थांबलं म्हणून तरी मी वळून पाहिलं असतं.

काठावरून भाच्याने काय राहिलंय विचारलं तेव्हा मला लगेच आठवलं होतं. कॅलेंडरवर मी तेच बघत होते, उलटून ठेवलेलं मार्चचं पान, त्यांनी पेनाने केलेला गोल. पण तो शब्द त्यांना देऊन मी पेपर तपासत बसले, हे त्या सगळ्यांपुढे माझ्या तोंडून निघालं नाही. काही राहिलेलं नाही म्हणाले मी. आणि कावळे झाडावर बसून राहिले.

नानांनी चष्मा पुन्हा डोळ्यांना लावला. मग त्यांनी पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. पाळीच्या जुन्या वहीचा, मागे कोरा. त्यावर सगळ्या शर्यती ओळीने आखलेल्या, जिंकणाऱ्याच्या नावाची जागा मोकळी. दरवर्षी असा कागद हे आखायचे आणि भरायचेही हेच. यंदाचा नानांनी आखून आणला होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "चार्ज घ्या, वहिनी."

मी कागद घेतला, पेन घेतलं, सोफ्यावर ह्यांच्या जागी बसले. पेपरांचा गठ्ठा शाळेतच ठेवून आले होते. पडद्यावर पहिल्या फेरीची पोरं रेषेवर येऊन वाकली. पेन बोटांना रुतत होतं, तीन महिन्यांत पहिल्यांदा मला माझेच हात जाणवत होते. नाना रिमोट शोधत होते. तो माझ्या मांडीखाली होता.

मी आवाज वाढवला. एकेक करत नाही, बोट दाबून धरलं. प्रेक्षकांचा गलका घरभर भरला, खिडकीबाहेर गेला असेल, शेजारीही गेला असेल. बंदूक वाजली आणि मी मोठ्याने रडायला लागले. आतून अक्का धावत आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. आवाज कमी कर असं त्या म्हणाल्या नाहीत.