तापीकाठचा तारामासा

आमच्या ह्यांनी मला समुद्र द्यायचं कबूल केलं होतं, आणि दिली काचेची टाकी. चार फूट लांब, दोन फूट उंच, बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या जागी. टीव्ही आत गेला आणि माझ्या मालिकाही त्याच्याबरोबर गेल्या.

कबुली जुनी होती. मी मालवणाकडच्या एका वाडीत वाढलेली. लग्न ठरताना मी एवढं एकच विचारलं होतं, की नोकरी संपल्यावर माझ्या गावी राहायला येणार ना? ह्यांनी मान डोलावली. पुढची तीस वर्षं मी त्या डोलावलेल्या मानेवर काढली. हे मूळचे तापीकाठच्या जैनाबादचे, केळीवाल्यांच्या घरातले, पण नोकरी कागदाच्या मिलमध्ये. तिथल्या प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम. सकाळची गाडी धरायची, संध्याकाळी परत बुधवारा पेठेतल्या घरी. मी इथे संसार केला, शेवेची भाजी शिकले, बोलताना अर्धी हिंदी झाले. तरी घाटावर उभी राहून तापीचं पाणी पश्चिमेला जाताना बघितलं की मला त्या पाण्याचा हेवा वाटायचा. वाटेत कितीही अडवलं तरी ते समुद्राला पोचणार होतं, आणि मी भाजीची पिशवी घेऊन घरी.

निवृत्तीच्या सत्काराचा नारळ अजून देवापुढेच होता तेव्हा मी विषय काढला.

"बघू ना," हे म्हणाले. "केळीचं बघा लागते. घर असं टाकून कसं जाव?"

आणि महिन्याभरात टाकी आली. "तुले समुद्र पायजे होता ना? घे, घरातच आनला."

दोन दिवस मी ह्यांच्याशी फक्त भांडी आपटून बोलले.

पण माणूस एकदा कामाला लागला की त्याच्याकडे बघत बसावं असा आहे. इंदूरच्या एका दुकानातून समुद्राच्या पाण्याचं खास मीठ आणलं, फिल्टरच्या पाण्यात कालवलं, दगड रचले, वाळू पसरली, खारटपणा मोजून वहीत लिहिला. मी बोट बुडवून चाखलं. खारट होतं, पण आमच्या समुद्राची चव नव्हती. तसं म्हटल्यावर हे मला मीटर दाखवायला लागले. मीटरला चव कळत असती तर मी स्वयंपाकघरात कशाला लागले असते!

पहिला तारामासा ह्यांनी पिशवीतून सरळ टाकीत सोडला. दोन दिवसांत त्याचे हात मऊ पडले, पांढरे झाले, आणि तिसऱ्या दिवशी वाळूवर नुसते तुकडे राहिले. दुकानदाराने फोनवर सांगितलं, त्याला पाण्याचा बदल एकदम सोसत नाही, थेंबाथेंबाने सवय लावावी लागते. मग दुसरा आणला तेव्हा ह्यांनी मेडिकलमधून सलाईनची नळी आणली. एका भांड्यात तारामासा, वर स्टुलावर टाकीचं पाणी, आणि मधल्या चक्रीने थेंब कमी-जास्त करत हे चार तास मांडी घालून बसले. माझ्या बाळंतपणातसुद्धा हा माणूस इतका वेळ एका जागी बसला नव्हता.

दुसरा जगला. नारिंगी रंगाचा, तळहाताएवढा. सकाळी काचेवर चढलेला दिसायचा, आणि आपल्या बाजूने त्याच्या पोटाखालचे बारीक पाय एकेक उचलताना, टेकवताना दिसायचे. मला भरून आलं. खरं तर आमच्या गावी तारामाशाला कुणी कुत्रं विचारत नाही. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं की मासे निवडताना हा हाताला लागायचा, आणि आम्ही पोरं त्याला परत पाण्यात भिरकावून द्यायचो. कोण किती लांब फेकतं याची शर्यत लावायचो. आणि आता मी त्याच्यासमोर चहाचा कप घेऊन बसायची आणि माझ्या बोलीत विचारायची, "काय रे, जेवलंस मां?" ती बोली माझ्या तोंडून कित्येक वर्षांत निघाली नव्हती. इथे बोलणार कुणाशी? एका सोमवारी सगळी कामं टाकून मी तासभर टाकीपुढे बसले, आणि ह्यांना वाटलं की आपण जिंकलो. गावी जायचा विषय मी त्या महिन्यात काढला नाही, हेही खरं.

तीन-चार आठवड्यांनी तो काचेवरून खाली पडायला लागला. पडला की उलटाच राहायचा. सरळ व्हायला पूर्वी त्याला थोडाच वेळ लागायचा, आता तासभर लागे. हात फुगीर होते ते चपटे झाले, टोकं लोंबायला लागली.

"पानी तर एकदम बराबर आहे," हे वही उघडून म्हणाले. "सगळे रीडिंग बराबर आहेत. मग काबरं असं करते?"

आणि ह्यांनी साफसफाई वाढवली. सफाई रोजचीच होती. जुन्या टूथब्रशाने सकाळ-संध्याकाळ काच घासायची, दगड घासायचे, जरा कुठे बुळबुळीत थर दिसला की हे त्याच्यावर तुटून पडायचे. मिलमध्ये ह्यांचं आयुष्य त्या थराशी भांडण्यात गेलं. पाण्याच्या नळांत तो धरतो, त्याचा एखादा गोळा सुटून पळत्या कागदात आला की कागद फाटतो आणि अख्खी मशीन थांबते. घरीसुद्धा मोरी जरा निसरडी झालेली ह्यांना खपत नाही. तीस वर्षं ज्याला शत्रू मानलं त्याला हे टाकीत कसे राहू देणार?

त्या दिवशी मी ह्यांना दगड घासताना बघत होते आणि एकदम मला आमच्या वाडीमागचा खडक आठवला. ओहोटीला उघडा पडायचा. त्याच्यावर चालायचं म्हणजे अंगठे रोवून चालायचं, नाहीतर आपटलंच समजा. हिरवा, तपकिरी, नुसता बुळबुळीत. तारामासे असायचे ते तिथेच, त्या घाणीला चिकटून.

"अहो, थांबा," मी ओरडले. "तो तेच खातो! तुम्ही रोज दोन वेळा त्याचं ताट घासून ठेवताय!"

ह्यांना पटेना. मी ह्यांना दुकानदाराला फोन लावायला लावला आणि आवाज मोठा करायला सांगितला. पलीकडून तो म्हणाला, "भाईसाब, मैंने तो पहले ही बोला था, टंकी को एक साल होने दो, फिर स्टार रखो. नई टंकी में ये भूखा मर जाता है."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला तीस वर्षं थांबवणाऱ्या माणसाला एक वर्ष थांबता आलं नव्हतं. मी चांगलीच तडकले. पण आतून कुठेतरी हेही कळत होतं की घाई माझ्यासाठी होती. मी पुन्हा गावाचा विषय काढायच्या आत ह्यांना माझ्यापुढे काहीतरी जिवंत ठेवायचं होतं.

"आता नाही घासत," हे म्हणाले. "येऊ दे थर."

थर यायला कित्येक महिने लागणार होते आणि तारामाशाकडे तेवढे दिवस नव्हते. दुकानदाराची स्वतःची टाकी जुनी होती, शेवाळाने भरलेली. तिच्यात सोडतो म्हणाला, पण मग तो तिथेच राहणार. ह्यांनी मला विचारलं. मला तो हवा होता. गावाकडचं म्हणावं असं या घरात तेवढंच होतं. मी दोन दिवस हो म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो उलटा पडला आणि दुपारपर्यंत सरळ झाला नाही, तेव्हा म्हटलं, घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने हे थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन इंदूरला गेले आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने आले. मी पाणी दिलं.

"सोडल्याबरोबर दगडाले चिकटला," हे म्हणाले. "हललाच नाही मग. जगीन म्हनते दुकानवाला."

"त्याची जागा कळली तुम्हाला," मी म्हटलं. "माझी कधी कळणार?"

ह्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "मले तिथं करमीन का?"

तीस वर्षांत ह्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. केळी, घर, नातेवाईक, कारणं शंभर दिली होती, हे एक सोडून. गावी गेलो की तिसऱ्या दिवशी हे परतीच्या गाडीची वेळ बघायला लागायचे. सकाळी उठून केळीच्या बागेत जायचं, येताना शनवाऱ्याच्या चौकात मित्रांबरोबर चहा, दुपारी तापीवरून येणारा वारा, यातलं काहीच तिथे नव्हतं. मी हसायची ह्यांना. हो म्हणावं असं फार वाटलं, पण खोटं बोलवेना.

"नाही करमणार," मी म्हटलं.

"मंग तू जाय," हे म्हणाले. "खरंच सांगतो. दोन महिने, चार महिने, राह्य तुले वाटते तोवर. मी डबा लावून घेतो."

हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि ऐकल्यावर मला रडू फुटलं, तेही आनंदाचं नाही. हे गोंधळले. "आता काय झालं? जाय म्हनलं ना!"

काय झालं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्या किनाऱ्यावर जाऊन बसायची, तेव्हा शेजारी हे असायचेच, पँट दुमडून, चपलेतल्या वाळूला शिव्या देत. एकटी मी तिथे कधी गेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी हे स्टेशनवर जाऊन तिकीट घेऊन आले. एकच.