पत्र्याचा मोर

नेव्हिल गफचा पहिला चंदेरी सूट आम्ही पडद्यांच्या अस्तरातून काढला. आम्ही म्हणजे मी आणि त्याची बायको मार्लीन. इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ गावात पडदे शिवायच्या कारखान्यात आम्हा दोघींची मशीनं शेजारी शेजारी होती, आणि घरंही एकाच गल्लीत. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती उरलेलं अस्तर हातात घेऊन माझ्याकडे आली.

"खरं सांग, रेड्याला हे शोभेल का?"

"कुठल्या रेड्याला?"

"माझ्याच. दुसरा कुठून आणू?"

रेडा म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नेव्हिल आमच्या घरात शिरताना मान वाकवून शिरायचा. जहाजाच्या नांगराला लावतात तसल्या साखळ्या घडवणं हे त्याचं काम. त्याचे वडील एनॉक त्याच भट्टीवर होते, आजोबाही तिथंच होते. नेव्हिलच्या मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग होते. त्याच हातांनी तो संध्याकाळी बेस गिटार वाजवायचा. त्याच्या हातात ती खेळण्यातली वाटायची.

चार मित्रांचा तो बँड. करडे कोट घालून लग्नांत दुसऱ्यांची गाणी वाजवायचे. गेझ पारडो हा त्यांचा गायक, काडीसारखा बारीक, टपालखात्यात कामाला. १९७१ च्या शेवटी गेझ बर्मिंगहॅमला एक कार्यक्रम बघून आला आणि त्याचं डोकंच फिरलं. तिथं म्हणे पुरुष गालांवर चमकी लावून, वीतभर उंच टाचांचे बूट घालून गात होते, आणि पोरी किंचाळत होत्या.

"करड्या कोटात मरायचं असेल तर खुशाल मरा," तो बाकीच्यांना म्हणाला. "मी चमकून मरणार."

त्यानंच बँडला टिन पीकॉक हे नाव दिलं. पत्र्याचा मोर. आमच्या लोखंडाच्या गावाला साजेसंच होतं ते. ग्लॅम रॉक हा शब्द आमच्या गल्लीत कोणी उच्चारत नसे. "ते चकाकणारे" एवढंच म्हणायचे, तेही नाक मुरडून.

एनॉकनं सूट पहिल्यांदा पाहिला तो मार्लीनच्या दोरीवर वाळत घातलेला. त्यानं तोंडातला पाइप काढला.

"बापाचं नाव काढणार आहेस," तो नेव्हिलला म्हणाला, "की बापाला गाव सोडायला लावणार आहेस?"

"बाबा, नुसते कपडे आहेत."

"कपडे बाईचे आहेत."

"बाईला हे होणार नाहीत. शेहेचाळीस इंच छाती आहे."

एनॉक हसला नाही. त्यानंतर भट्टीवर दोघं समोरासमोर घण मारायचे, पण बोलणं कामापुरतं.

पुढच्या फेब्रुवारीत कोळशाच्या खाणकामगारांचा संप झाला आणि रोज पाळीपाळीनं वीज जाऊ लागली. अशा दिवसांत टिन पीकॉकचा पहिला चकाकता कार्यक्रम कामगार क्लबात लागला. बिंगोचा खेळ संपला, क्लबाच्या सेक्रेटरीनं माइकवर सांगितलं, "गरम पॅटीस आलेत, रांग लावा. आणि हो, हे चौघं आता गाणार आहेत." पडदा सरकला. गेझ जांभळ्या साटिनमध्ये, आणि मागं नेव्हिल, डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी, गालांवर आम्ही लावलेली चमकी.

सगळा हॉल खिदळायला लागला.

"ए नेव्हिल, लग्न कधी?"

"गफची पोरगी उजवायला झाली बरं का!"

नेव्हिलची मान लाल झाली. मी आणि मार्लीन एकमेकींचे हात धरून बसलो होतो. पहिलं गाणं कसंबसं पार पडलं. दुसरं सुरू झालं आणि वीज गेली. गिटारी मुक्या झाल्या, माइक मेला. लोकांनी आपापल्या खिशातले टॉर्च काढले. त्या दिवसांत टॉर्चशिवाय कोणी घराबाहेर पडत नसे. उजेडात गंमत कोणाची बघायची, तर अर्थातच नेव्हिलची. सगळे झोत त्याच्यावर पडले, आणि पडद्यांच्या त्या अस्तरावरून उजेडाचे तुकडे छतावर, भिंतींवर, लोकांच्या तोंडांवर उडाले. लोक हसायचं विसरून वर बघू लागले. मी माझ्याच हातांवर ते ठिपके हलताना पाहिले.

नेव्हिलला काय वाटलं कोणास ठाऊक. त्यानं मुकी गिटार खाली ठेवली आणि त्या जाडजूड बुटानं लाकडी स्टेजवर पाय आपटला. धाड. पुन्हा धाड, धाड. भट्टीवर बाप आणि मुलगा आळीपाळीनं घण मारतात, तोच ठेका. ड्रमवाल्यानं तो उचलला. मग पहिल्या रांगेनं, मग अख्ख्या हॉलनं. गेझ माइकशिवाय गळा फाडून गायला. मध्येच नेव्हिलचा तोल गेला आणि तो धाडकन बसला. हशा उसळला. पण तो उठला, चंदेरी विजार दोन्ही हातांनी घागऱ्यासारखी धरली आणि राणीपुढं वाकावं तसा वाकला. मग जे हसले ते त्याच्या बाजूनं हसले.

तो ठेका टिन पीकॉकचा झाला. त्यांनी पहिली रेकॉर्ड केली तेव्हा स्टुडिओत लाकडी फळ्या टाकल्या आणि दिसेल त्याला पाय आपटायला लावलं. मार्लीन आणि मीही आपटले. ती रेकॉर्ड खपाच्या यादीत चढत गेली. शाळेच्या पोरी नेव्हिलच्या दारासमोरून उगाच तीन तीनदा जायच्या. बस ड्रायव्हर हॉर्न त्या ठेक्यात वाजवायचे. १९७३ च्या उन्हाळ्यात ते चौघं टीव्हीवर आले. त्या गुरुवारी अख्खी गल्ली मार्लीनच्या खोलीत कोंबली होती. एनॉक तेवढा मागच्या अंगणात कबुतरांना दाणे घालत होता.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर एकजण त्याला म्हणाला, "एनॉक, तुझी लेक काल टीव्हीवर काय गोड दिसत होती!"

एनॉकनं घण खाली ठेवला. "लेक म्हण नाहीतर आणखी काही म्हण," तो म्हणाला. "तुझं एक तरी पोर पोलीस चौकीपेक्षा लांब पोचलंय का?"

हे नेव्हिलच्या कानावर आलं. बापानं तोंडावर काही म्हटलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पण त्या दिवशी तो आमच्याकडे चहाला आला तो शीळ घालतच.

चढ जेवढा भरभर, उतारही तेवढाच. दुसरी रेकॉर्ड यादीत अर्ध्यापर्यंतच गेली, तिसरी कुणाला कळलीही नाही. गालांवर चमकी ही आता प्रत्येक गल्लीतल्या प्रत्येक बँडची झाली होती. गोडाचा वीट यावा तसा लोकांना तिचा वीट आला. मोठे हॉल गेले, लहान हॉल आले, मग पुन्हा कामगार क्लब. १९७६ मध्ये कॉव्हेंट्रीच्या एका कार्यक्रमात समोर फाटके शर्ट घातलेली, कपड्यांना सेफ्टी पिना टोचलेली पोरं उभी होती. एकजण नेव्हिलच्या छातीवर थुंकला आणि ओरडला, "आजोबा, घरी जा!" नेव्हिल तेव्हा तिशीचाही नव्हता.

गेझनं केस कापले, साटिन टाकून दिलं आणि त्या पोरांच्या नव्या तऱ्हेचं गाणं गायला लंडन गाठलं. जाताना नेव्हिलला म्हणाला, "तूही चल. फक्त ते हसवणं बंद कर. आता रागावून दाखवायचं असतं."

"मला एवढा राग कुठून आणता येईल?" नेव्हिल म्हणाला.

साखळ्यांच्या भट्ट्या तोवर एकेक करून विझत होत्या. त्याला बस डेपोत काम मिळालं, बस धुवायचं. कामावरून आला की तो सोफ्यावर पडून राहायचा. दुकानात जायचं झालं तर उलट्या वाटेनं जायचा, कारण वाटेत शाळा होती आणि पोरं त्याला बघून पाय आपटायची. मार्लीनला गालिच्यात अजून चमकी सापडायची. ती मुकाट्यानं झाडून काढायची. त्यांची मुलगी ग्लेनिस तेव्हा रांगत होती. तिच्या तळव्यांना चमकी चिकटलेली दिसली की नेव्हिल तोंड फिरवायचा.

असं वर्षभर चाललं. मग हिवाळ्याच्या तोंडावर शाळेतल्या पिम बाई मार्लीनकडे आल्या. नाताळात मुलांसाठी जे गमतीचं नाटक होतं ते त्या बसवायच्या, आणि त्याचे कपडे मार्लीन शिवायची. त्या नाटकात राजवाड्याच्या स्वयंपाकिणीचं काम धिप्पाड पुरुषानंच करायचं, हे ठरलेलं. दरवर्षी ते खाटीक करायचा. यंदा त्याचा पाय मोडला होता. पिम बाई चहा पीत हे रडगाणं गात होत्या आणि त्यांची नजर सोफ्यावर गेली.

"मिस्टर गफ, जरा उभे राहता?"

नेव्हिलला सगळं कळलं. "नाही बाई. लोकांनी मला हसायचं तेवढं हसून झालंय."

पिम बाई कप खाली ठेवून निघून गेल्या. मार्लीननं दार लावलं आणि वळली. मी तिथंच स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, मला जायलाही जागा नव्हती.

"लोक हसले म्हणून तू आजारी नाहीस," ती म्हणाली. "तुला वाटतं ते तुला हसत होते. अरे, तू हसवत होतास म्हणून ते हसत होते. आता कोणी हसत नाही, म्हणून तू असा पडलायस."

"मार्लीन, मी बस धुतो."

"मग? स्वयंपाकीण भांडी घासते. फार फरक नाही."

नेव्हिल सोफ्यावर उठून बसला. मग मला म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणते, कपडे मी शिवते," मी म्हटलं. "पण या वेळी अस्तर वापरणार नाही, चांगलं कापड घेऊ."

मोठमोठ्या गुलाबांचा झगा, उशा भरलेली छाती, आणि खाली तेच उंच टाचांचे बूट. पहिल्या खेळाला हॉल मुलांनी गच्च भरला होता. नेव्हिल पीठ मळताना पिठाच्या ढगात हरवला, राजाला लाटण्यानं दटावलं, पहिल्या रांगेतल्या एका टकल्या गृहस्थाला लग्नाची मागणी घातली. पोरं हसून हसून खुर्च्यांवरून घसरत होती. मग तो प्रसंग आला, ज्यात भूत स्वयंपाकिणीच्या मागे येऊन उभं राहतं आणि तिला ते दिसत नाही. मुलांनी ओरडायचं असतं, आणि ती ओरडलीच, "मागे! मागे बघ!" नेव्हिल मुद्दाम चुकीच्या बाजूला वळला. भूतही वळलं. पुन्हा तेच. पोरांचा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात पोरांच्या गलक्याच्या वर एक घोगरा आवाज आला, भट्टीच्या गोंगाटात ओरडून ओरडून पिकलेला.

"अरे गाढवा, मागे बघ ना! डावीकडे! तुझ्या डावीकडे, नेव्हिल!"

एनॉक खुर्चीवर उभा होता, टोपी हातात, तोंड लालबुंद. तो येणार हे कोणालाच माहीत नव्हतं. नेव्हिल स्टेजवर थबकला. पिठानं माखलेल्या तोंडानं त्यानं बापाकडे पाहिलं, आणि मग स्वयंपाकिणीच्या किनऱ्या आवाजात म्हणाला, "आजोबा, खाली बसा, मागच्या मुलांना दिसत नाही."

सगळा हॉल हसून लोळला. एनॉक बसला आणि रुमालानं डोळे पुसू लागला. शेजारच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही त्या बाईला ओळखता?"

"माझा मुलगा आहे तो," एनॉक म्हणाला. "मुलगाच आहे."

खेळ संपल्यावर बापलेक क्लबात गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. मार्लीन सांगते की दोघांनी बहुतेक कबुतरांबद्दलच गप्पा मारल्या. एनॉक त्यानंतर दर नाताळला यायचा, आणि दरवेळी भुताच्या प्रसंगाला उभा राहायचा. तो वारला त्या वर्षीही, छाती कफानं भरलेली असताना, ब्लँकेट गुंडाळून आला होता.

नेव्हिल बस धुता धुता ड्रायव्हर झाला. सकाळच्या बसमध्ये मुलं त्याला "स्वयंपाकीण आली" म्हणून हाका मारायची आणि तो आरशातून डोळे वटारायचा. नाटकात तो जवळजवळ म्हातारा होईपर्यंत काम करत राहिला. शाळेसमोरून जाणं त्यानं पुन्हा कधी टाळलं नाही.

गेझचं लंडनला फारसं जमलं नाही. रागही एक दिवस जुना होतो. तो घड्याळं दुरुस्त करायचा धंदा करू लागला, आणि एक दिवस फोनवर म्हणाला, "नेव्हिल, स्केगनेसला समुद्राकाठी जुन्या चकाकणाऱ्यांचा शनिवार-रविवारी मेळा असतो म्हणे. लोक लांबून लांबून येतात. येतोस?"

"माझे गुडघे गेलेत."

"माझे केस गेलेत. चल."

गेल्या फेब्रुवारीत मार्लीन मलाही घेऊन गेली. बाहेर वारा असा की चालवत नव्हतं. आत सत्तरीच्या बाया गालांवर चमकी लावून, काठ्या खुर्चीला टेकवून उभ्या होत्या. एकीचं कंबरेचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि तिची नात तिला सारखी बसायला सांगत होती. गेझनं गाणं दोन पट्ट्या खाली घेतलं. नेव्हिल उंच टाचांचे बूट घालत नाही आता, डॉक्टर नको म्हणतात, म्हणून तो साध्या बुटात आला होता. ड्रमवर ग्लेनिस बसली होती.

"बाबा, ठेका आधी तुम्ही धरणार की आधी मी?" तिनं विचारलं.

"तू सुरू कर," तो म्हणाला. "मी पोचतो."