वेल्डाचा माणूस जेलमध्ये आहे का?

वेल्डा नेपियरला देवाकडे मनापासून काही मागताना मी एकदाच पाहिलंय. तेव्हा ती म्हणाली होती, "देवा, माझा माणूस जेलमध्ये असू दे रे बाबा."

तळ्याच्या काठी तिचं दुकान होतं. गळाला लावायची गांडुळं, जिवंत चिंगळे मासे, गळ, दोरे, आणि मासे धरायचे सरकारी परवानेसुद्धा. तिच्या दुकानाला लागूनच माझं केस कापायचं दुकान. मध्ये फक्त पत्रा. ती तिकडे शिंकली की मी इकडून आशीर्वाद द्यायचे आणि मी इकडे गिऱ्हाइकाशी कुजबुजले की ती तिकडून आपलं मत द्यायची. तिचा फ्रीज एकच. वरच्या कप्प्यात तिचं जेवण, खालच्यात गांडुळं, आणि कधी कधी उलटं. तिने दिलेलं सँडविच उघडून बघितल्याशिवाय आमच्या हार्गिस काउंटीत, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यात, कुणी खात नसे.

वेल्डा अंगाने आडवी, आवाजाने फाटकी. चर्चमध्ये सिगारेट ओढायची नाही एवढा एकच नियम ती पाळायची, आणि शिव्यांबद्दल पाद्र्याने कधी काही म्हटलं नाही म्हणून त्या चालतात असं तिने ठरवून टाकलं होतं. तिचा पहिला नवरा ट्रकचं टायर बदलायला म्हणून गेला तो थेट ओहायोत पोचला, चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाईसकट. "बाई गेली त्याचं काही नाही," वेल्डा म्हणायची, "पण तेव्हापासून आम्हाला भजनं सुरात ऐकायला मिळाली नाहीत."

मग हूट आला. हूट स्टॅम्पर. गांडुळं घ्यायला आला आणि राहिला. लांबडा, शांत, ओठावर झुपकेदार मिशा. त्यांचं लग्न झालं नव्हतं. वेल्डा विषय काढायची, हूटला तेव्हाच नेमकी कुत्र्याला फिरवायची आठवण व्हायची. दुसरी एक गंमत म्हणजे घरची बाई परवाने विकते आणि हा बिनपरवान्याचा मासे धरतो. वेल्डा ओरडायची, "अरे मेल्या, माझ्याच गल्ल्यावर मिळतो तो!" त्यावर हूट म्हणायचा, "घरच्या माणसाला कसला परवाना?" आणि वल्हं उचलून चालू लागायचा.

तर एका गुरुवारी हूट तिचा पिकअप घेऊन गावात गेला. माशांच्या टाकीचा पंप बिघडला होता, त्याचा वॉशर आणायचा होता. संध्याकाळ झाली, आला नाही. शुक्रवारी सकाळी मी दुकान उघडलं तर पत्र्यापलीकडे सगळं चिडीचूप. मी जाऊन बघितलं. वेल्डा स्टुलावर बसलेली, हातातली सिगारेट न पेटवलेली.

"मर्टिस," ती मला म्हणाली, "तो एक तर तळ्यात आहे, नाही तर ओहायोत, नाही तर जेलमध्ये."

"तळ्यात कसा असेल? होडी बांधलेली आहे."

"मग ओहायो." तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. तेव्हाच ती वर बघून ते देवाला म्हणाली. जेलमध्ये असू दे.

हॉस्पिटलला फोन झाला. तिथे नव्हता. मग जेलला केला. मी रिसीव्हरला कान लावून उभी. त्या वर्षी जेलमध्ये नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि तो चालवायला बाहेरच्या काउंटीतली एक मुलगी ठेवली होती. गावची असती तर 'हूट' म्हटल्यावर पुढे बोलायची गरज नव्हती. ही म्हणाली, "कैद्याचं पूर्ण नाव सांगा, मॅडम."

"हूट स्टॅम्पर."

"हूट हे नाव आहे?"

"मग काय आडनाव आहे? स्टॅम्पर आडनाव आहे."

"मॅडम, कागदोपत्री नाव लागतं. जन्माचं."

वेल्डाने माझ्याकडे बघितलं. मी वेल्डाकडे बघितलं. इतकी वर्षं त्याचे केस मी कापले होते, त्याच्या मानेवरचा तीळ कुठे आहे ते मला माहीत होतं, पण नाव? त्याच्या नावाने पत्र कधी आलेलं मी बघितलं नव्हतं. टपाल तोच आणायचा, आणि त्यातलं बरंचसं परस्परच शेगडीत टाकायचा.

"पुरुषांत कुणी स्टॅम्पर आहे का तेवढं बघ की, पोरी," वेल्डा म्हणाली.

टकटक ऐकू आली. "नाही, मॅडम. पुरुषांत स्टॅम्पर एकही नाही."

वेल्डाने फोन ठेवला. मला वाटलं आता शिव्या येतील. आल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले.

"एस्टिलला फोन कर," मी म्हटलं. एस्टिल म्हणजे आमचा जेलर. आमच्याकडे जेलर मतांनी निवडून येतो, आणि वेल्डाने त्याला मत दिलं होतं, एवढ्याचसाठी की शाळेत त्याने एकदा तिच्यासाठी मार खाल्ला होता. पण एस्टिल मुतखड्याने घरी आडवा पडलेला, आणि त्याची बायको फोनवर म्हणाली की तो सध्या देवाशिवाय कुणाशीही बोलत नाही.

वेल्डाने गांडुळांच्या डब्याचं झाकण लावलं. मग उठली.

"लुरीनला माहीत असेल," ती म्हणाली.

लुरीन म्हणजे हूटची पहिली बायको, टेकडीपलीकडे राहणारी. वेल्डा आणि ती कधी एक शब्द बोलल्या नव्हत्या. दुकानात समोरासमोर आल्या तर दोघी डब्यांवरचे भाव वाचायला लागायच्या. पिकअप हूटने नेलेला, म्हणून आम्ही माझ्या जुन्या खटारा ट्रकातून निघालो. वाटेत वेल्डाने आरशात बघून केस नीट केले. सवतीकडे जाताना बाई अवतारात जात नाही.

लुरीन व्हरांड्यात शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली, वेल्डाला बघितलं आणि म्हणाली, "गेला का?"

"गेला नाही. सापडत नाहीये."

"तेच ते." लुरीनने एक शेंग मोडली. "माझ्याकडे नाही. हवं तर पलंगाखाली बघ."

"तुझ्याकडे असता तर मी आलेच नसते, तुलाच ठेव म्हटलं असतं," वेल्डा म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "बाई, मला त्याचं नाव हवंय. खरं नाव. जेलमध्ये विचारायचंय."

लुरीनच्या मांडीवरची परात कलंडली. "तुला त्याचं नाव माहीत नाही? एका अंथरुणात झोपतेस ना?"

"झोपायला नाव लागत नाही."

त्यावर लुरीन इतकी हसली की तिचा कुत्रा पायरीवरून उठून पलीकडे जाऊन बसला. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले, शेजारच्या खुर्चीवरची शेंगांची पिशवी खाली ठेवली आणि वेल्डाला बस म्हटलं.

"बेव्हर्ली," ती म्हणाली.

"कोण बेव्हर्ली?" वेल्डाचा आवाज चढला. तिला वाटलं तिसरीच कुणीतरी निघाली.

"तोच. हूट. बेव्हर्ली स्टॅम्पर."

आमच्या आज्यांच्या काळी हे नाव बाप्यांचंही असायचं. मग ते पोरींनी पळवलं, आणि हूटसारखे जे मागे राहिले त्यांचे हाल झाले. त्याच्या आईची अवघड बाळंतपणातून सुटका झाली ती बेव्हर्ली नावाच्या फिरत्या पाद्र्याने प्रार्थना केल्यावर, म्हणून तिने तेच नाव ठेवलं. शाळेत पोरांनी त्याला फ्रॉक कुठे आहे विचारलं. त्याने त्यातल्या दोघांचे दात पाडले आणि शाळा सोडली.

"लग्नाच्या वेळी त्याला सही करावी लागली," लुरीन म्हणाली. "मी हसले. तिथल्या तिथे, क्लार्कसमोर. त्याने सही पुरी केली, पण आमचं तिथूनच बिनसलं, बघ." तिने एक शेंग उगाच मोडून परातीत टाकली. "चला. मीही येते."

"तू कशाला?"

"माझ्या शेंगा सोलून झाल्यात."

झाल्या नव्हत्या. पण आम्ही तिघी निघालो.

जेलच्या खिडकीत ती पोरगी बसली होती, कानावर पेन्सिल. वेल्डाने काउंटरवर दोन्ही हात टेकले. मघापासून सगळा जोर तिच्या त्या हातांत गोळा झाला होता. "बेव्हर्ली स्टॅम्पर," ती म्हणाली.

टकटक झाली. "आहे ना. कालपासून. बायकांच्या बाजूला."

वेल्डा बाकावर जाऊन बसली, धप्पकन. तिचे ओठ हलत होते. देवाचे आभार मानत होती की त्याला शिव्या देत होती ते मला कळलं नाही, बहुधा दोन्ही.

तेवढ्यात आतून एस्टिल आला, कमरेवर हात, चेहरा पांढराफटक. खडा पडला होता आणि तो कामावर रुजू झाला होता.

"एस्टिल," वेल्डा म्हणाली, "तुझ्या बायकांच्या कोठडीत मिशा असलेली एक बाई आहे. ती माझी आहे."

मग सगळं बाहेर आलं. वसंतात मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी वॉर्डनने हूटला तळ्यावर बिनपरवान्याचा धरला होता. कोर्टाचं समन्स आलं, बेव्हर्लीच्या नावाने, ते शेगडीत गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. मग वॉरंट निघालं. गुरुवारी पिकअपचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसाने थांबवलं आणि लायसन्सवरच्या नावाने वॉरंट सापडलं. त्या पोरीने नुसतं नाव वाचून कॉम्प्युटरला सांगितलं की बाई आहे. माणूस समोर आला तेव्हा पहाऱ्याच्या पोरांना चूक कळली, पण ते दुरुस्त करायला लांब लेक्सिंग्टन शहरातून माणूस यावा लागतो म्हणे. कॉम्प्युटर बाई म्हणतो, तर कोठडी बायकांची. नशिबाने तिथे त्या आठवड्यात दुसरं कुणी नव्हतं.

"आणि हा बाबा नावाने हाक मारली की ओ देत नाही," एस्टिल म्हणाला. "पहाऱ्याची पोरं नवी, त्याला ओळखत नाहीत. त्यांना वाटलं बहिरा आहे. पाटीवर लिहून विचारत होते त्याला. तू तरी आवाज द्यायचास ना, वेल्डा!"

"मी फोन केला होता! तुझ्या त्या खिडकीतल्या पोरीने 'नाही' म्हणून सांगितलं! मत परत दे माझं."

आम्हाला आत सोडलं. बायकांच्या कोठडीच्या खिडकीला फुलाफुलांचा पडदा होता. हूट खाटेवर बसून बलोनी सॉसेजचं सँडविच खात होता. वेल्डाला बघून तो उठला, मग तिच्यामागे लुरीनला बघून परत बसला.

"फोन का नाही केलास?" वेल्डाने विचारलं.

"आधी नाव सांग म्हणाले."

"मग सांगायचं."

तो लुरीनकडे मान करून म्हणाला, "सांगितलंस ना हिला?"

"सांगितलं," लुरीन म्हणाली, आणि एवढ्या वाटेत दाबून ठेवलेलं हसू तिच्या तोंडून फुटलं. तिने तोंडावर पदरासारखा एप्रन धरला आणि बाहेर पळाली.

हूटने सँडविच खाली ठेवलं. "तूही हसून घे," तो वेल्डाला म्हणाला. "एकदाच काय ते हसून घे."

"हसेन की," वेल्डा म्हणाली. "आधी रडू दे, मुडद्या. मी तळ्यात गळ टाकून तुला शोधायला निघाले होते."

आणि ती रडली. गजांना धरून, मोठ्याने, नाक ओढत. पहिला नवरा गेला तेव्हाही मी तिला असं बघितलं नव्हतं. हूट गजांपाशी आला आणि त्याला काय करावं ते सुचेना, तेव्हा त्याने उरलेलं सँडविच तिच्यापुढे केलं. तिने ते घेतलं, उघडून आत काय आहे ते बघितलं आणि तिथून जी हसायला लागली ती थांबेचना. हूट बघत राहिला. थोड्या वेळाने त्याच्या मिशाही हलल्या.

दुपारी जज्जसमोर उभं केलं. जज्ज म्हणाले, "नाव सांगा." कोर्ट भरलेलं होतं. हूटने वेल्डाकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि सांगितलं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मागून कुणीतरी खिदळलं. वेल्डा वळली. "कोण तो? ऊठ, तुझी आई तुला काय म्हणायची ते मी सांगते सगळ्यांना!" कुणी उठलं नाही. जज्जनी तिला गप्प बसायला सांगितलं, हूटने भोगला तेवढा तुरुंग पुरे म्हणाले, आणि आजच्या आज परवाना काढायचा हुकूम दिला. "कुठे मिळतो माहीत आहे का?" त्यांनी विचारलं. हूट म्हणाला, "हो साहेब. घरी."

परतताना माझ्या खटाऱ्यात पुढे आम्ही तिघी बसलो आणि हूटला मागे मोकळ्या हौद्यात बसवलं. पिकअप उद्या सुटणार होता. वाटभर लुरीन वेल्डाला त्याचे जुने किस्से सांगत होती आणि दोघी ज्या हसत होत्या त्याने गाडी हलत होती. हूट मागून काच ठोकत होता. काच उघडायला कुणाला वेळ नव्हता.

त्यांनी पुढे लग्न केलं नाही. हूट तयार झाला, तर वेल्डालाच वाटलं, आता कशाला. पण लुरीन दर शनिवारी दुकानात यायला लागली. आणि काउंटीत कुणाचा माणूस घरी आला नाही की त्याची बाई जेलच्या आधी वेल्डाला फोन करू लागली. पत्र्यापलीकडून मला ऐकू येतं. "रडू नकोस गं. आधी सांग, शाळेच्या हजेरीत त्याला काय म्हणायचे? नाही माहीत? मग सासूला विचार. सासूशी बोलत नाहीस? आजपासून बोल." मग ती स्वतः जेलला फोन लावते, दोन्ही बाजू बघायला लावते, पुरुषांची आणि बायकांची. बहुतेक वेळा तो तिथे नसतोच. आईकडे जाऊन झोपलेला असतो. तेही वेल्डाच हुडकून काढते आणि त्याच्या आईलाही चार शब्द ऐकवते.