टाकीच्या तोंडावरचा माणूस

आमचे हे युद्धनौकेवर होते म्हटलं की लोकांना तोफा दिसतात. यांच्या हातात मात्र जन्मभर दोरी. जहाजाच्या पोटात लोखंडी टाक्या असतात. आत उतरून गंज खरवडायचा, रंग मारायचा. बंद टाकीतला गंज हवा खातो. धडधाकट माणूस बघता बघता आडवा होतो. म्हणून एक आत, एक तोंडाशी दोरी धरून. आतल्याने मधूनमधून हातोडी ठोकायची, वरच्याने ठोकून उत्तर द्यायचं.

घरीही तेच. मी न्हाणीघरात असले की दारावर टकटक. "जिवंत आहे हो!" मी ओरडायची.

यांचा जोडीदार नकट्या. भावापेक्षा जवळचा, त्याची बायको मला जावेसारखी.

त्या दिवशी जहाजावर बडे पाहुणे यायचे होते. नकट्या आत, हे तोंडाशी. साहेब आला. "इथे काय बसलायस? कपडे बदल, रांगेत उभा राहा."

"साहेब, आत माणूस आहे. आधी त्याला वर घेतो."

"तो काय पळून जातोय? आत्ताच्या आत्ता!"

यांनी आत हाक मारली; खरवडण्याच्या आवाजात ती कुठली ऐकू जाणार? साहेबाने दंड धरून उठवलं.

रांग नेमकी टाकीच्या वर. पाहुणे हात मिळवत होते आणि पायांखाली ठोकणं सुरू झालं. थांबलं. पुन्हा सुरू झालं. उत्तर देणारा तर रांगेत! "हललास तर याद राख," साहेब पुटपुटला. हे रांग मोडून धावले. पोचेपर्यंत ठोकणं बंद पडलं होतं.

यांच्यावर गुन्हे दोन: टाकीवरची जागा सोडली आणि रांग मोडली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारा मेला काठावर कोरडा! रांगेतल्या एकालाही म्हणे काही ऐकू आलं नाही. म्हणजे नकट्याने मरताना खूणच केली नाही, चूक त्याचीच. साहेबाने यांना निरोप धाडला, "तूही ऐकलं नाही म्हण, नोकरी वाचेल."

हे माझ्याकडे बघत बसले. मी भडकले. "बघता काय? नकट्याच्या बायकोसमोर कुठल्या तोंडाने जाणार आहात?"

चौकशीत रांगेतल्या सगळ्यांसमोर यांना विचारलं, "तुम्ही काही ऐकलंत?" यांनी टेबलावर मुठीने ठोकलं, थांबले, पुन्हा ठोकलं.

नोकरी गेली. जाऊ दे, चुलीत गेली. पण हे सांगतात, यांनी ठोकलं तेव्हा काही न ऐकलेल्या त्या सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.