काकूंच्या टोमॅटोवरचे पाहुणे

पॉलिहाऊसच्या दाराशी कुणी आलं की काकू आधी ओठांवर बोट ठेवायच्या. “हळू. आत जेवणं चाललीत.”

जेवणारे म्हणजे भुंगेरे. लाल पाठ, वर काळे ठिपके; तुम्हीही लहानपणी तळहातावर चालवले असतील. काकूंच्या टोमॅटोवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला, तेव्हा तो खाऊन टाकायला त्यांनी हे भुंगेरे आणायचं ठरवलं. ते पुण्याला मिळत. नाशिकजवळ मखमलाबादेत आमचं घर त्यांच्या घराला लागून, म्हणून सोबत मला नेलं.

परतताना सिन्नरच्या अलीकडे एसटी खड्ड्यात आदळली नि भुंगेऱ्यांच्या डब्याचं झाकण उडालं. गाडीभर भुंगेरे. मला तोंड लपवावंसं वाटलं. काकू मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळ्यांना समजावलं, की हे चावत नाहीत, आमचे पाहुणे आहेत, जपून धरा. मग काय, अख्खी गाडी कामाला लागली. कंडक्टरने एका आजोबांच्या टकलावरचा भुंगेरा तिकिटावर अलगद उचलून आणला. नाशिक आलं तरी लोक सीटखाली वाकलेलेच.

काकांना हा प्रकार मुळीच पटला नव्हता. थोड्या दिवसांनी पानांवर काळ्या, काटेरी अळ्या दिसल्या, तसे ते फवारणीचा पंप पाठीला लावूनच निघाले. काकू दारात आडव्या झाल्या.

“अहो, लेकरं आहेत ती.”

“कुणाची?”

“भुंगेऱ्यांची. आईबापापेक्षा जास्त मावा खातात.”

“आणि पीक गेलं तर?”

“तर पुढच्या वर्षी तुम्ही म्हणाल तसं. आज फवारायचं नाही.”

 काकांनी पंप उतरवला.

आठवड्याभरात तेच चष्मा लावून पानाशी वाकलेले दिसले. मला जवळ बोलावून कुजबुजले, “ही अळी सकाळपासून खायची थांबलेली नाही.”

पुढे मावा संपत आला आणि काकूंना नवीच काळजी लागली. पाहुणे उपाशी राहतील म्हणून त्या वाटी घेऊन घरोघर फिरल्या. साखर मागावी तसं विचारायच्या, “तुमच्या वालावर थोडा मावा असेल का?” गल्ली हसून लोळायची बाकी होती, पण प्रत्येकाने एकेक डहाळी दिली.

काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मला त्या दिसतात पंचवटीच्या बाजारात, पहिल्या तोडणीच्या दिवशी. क्रेटवर बसून न धुतलेला टोमॅटो पदराला पुसून सगळ्यांदेखत खाताहेत, रस हनुवटीवरून ओघळतोय, आणि मागे काका रुमाल धरून उभे आहेत.