कोटाखालचा फुगवटा

कुवेतमधल्या महबूल्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात एक कुवेती अंगरक्षक वरचेवर यायचा. नाव त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आधी दाराकडे बघायचा, मग आरशात, आणि मोडक्या हिंदीत एवढंच विचारायचा, "दिखता है?"

एकदा सुटाखाली पिस्तूल लपवायला तीन होल्स्टर घेऊन आला, आत रबराचं खोटं पिस्तूल. आरशापुढे उभा राहिला तेव्हा तिन्ही झकास वाटली. पण मी रत्नागिरीचा शिंपी, कोट उभ्याने तपासत नाही. त्याला नमाजाला वाकतात तसं वाकायला लावलं. कमरेमागे अडकवायचं पहिलं पाठीवर टेंगळासारखं वर आलं. खाली बसवल्यावर दुसरं पोटात रुतलं. तिसरं म्हणजे पोटाला बांधायचा रुंद पट्टा. तो शर्टाखाली दिसेना. त्या पट्ट्याला जागा म्हणून मी कोट कमरेत सैल केला.

"आता पोर उचलल्यासारखं करा," म्हटलं. तो हललाच नाही. "हे अंगावर असताना मी मुलीला उचलत नाही," म्हणाला.

काल तोच कोट कमरेत आवळायला घेऊन आला. बदली झाली होती. आता नव्या रक्षकांना शिकवायचं काम, त्याला स्वतःला पिस्तूल बाळगावं लागणार नव्हतं. दाराकडे त्याने बघितलंच नाही. मी खडूने खूण करायच्या आत त्याने सोबत आणलेल्या आपल्या मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि आरशात बघत विचारलं, "दिखता है?"

"पोर दिसतंय की!" मी म्हटलं.